भुकेले पाणी आणि चुन्याची भिंत



 माझ्या या व्याख्यानाचा विषय पोहण्याच्या हौदाचा आहे. आणि त्यातही पोहणाऱ्याचा नसून हौदाच्या भिंतीवरील गिलाव्याचा आहे. साहित्य, इतिहास, अध्यात्म अशा भारदस्त विषयांची सवय झालेल्या श्रोत्यांना तो काहीसा खालच्या पायरीचा वाटेल. परंतु ज्या मुलुखातले गवंडी घरदार सोडून नागपुरापर्यंत जातात आणि परक्यांच्या इमारती उभ्या करतात, त्या मुलुखात गिलाव्याविषयी तासभर बोलणे अप्रस्तुत ठरू नये, अशी माझी समजूत आहे.

बालाघाट जिल्ह्यातली खैरलांजी आणि तिच्या आसपासची गावे पाण्याच्या साठवणीला नवखी नाहीत. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा धानाचा प्रदेश. धान म्हटला की बांधी आली, बांधी म्हटली की तलाव आणि बोडी आली. भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून १८६७ पासून बालाघाट जिल्हा आकाराला येऊ लागला, पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. पण सीमेच्या दोन्ही बाजूंचे तलाव पाहिले तर ते एकाच हातचे वाटतात, कारण ते बांधले गेले तेव्हा ही सीमा नव्हती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी ही जमीनदारीची पद्धत संपुष्टात आली आणि मालगुजारांचे तलाव सरकारी दप्तरात जमा झाले. पलीकडच्या भंडारा-गोंदियाकडे त्यांना अजूनही ‘माजी मालगुजारी तलाव’, आणि लाडाने ‘मामा तलाव’, असे म्हणतात. या तलावांची पाळ मातीची, तळ मातीचा. पाणी मृदू असो की जड असो, आम्ल असो की अल्कली असो, पाळीला त्याचे सोयरसुतक नसते. उंदीर, खेकडे आणि दुर्लक्ष यांच्याखेरीज तिला शत्रू नाही. म्हणूनच तलावाच्या पाण्याचे रसायन पाहण्याचा प्रसंग आपल्या पूर्वजांवर आला नाही, आणि त्यात त्यांचा काही दोषही नाही.

प्रसंग येतो तो माती सोडून चुन्याशी अथवा सिमेंटाशी गाठ पडली म्हणजे. एखाद्या शाळेने, वसतिगृहाने किंवा हौशी शेतकऱ्याने पक्का हौद बांधला, त्याला आतून घोटीव गिलावा केला आणि तेच पाणी गाळून, औषध घालून बारा महिने त्यात कोंडून ठेवले, की पाणी आणि चुना यांच्यात एक देवघेव सुरू होते. तिच्यावर कोणाची देखरेख नसेल, तर काही वर्षांत पोहणाऱ्यांच्या पायांचे तळवे खरचटू लागतात, भिंतीवर हात फिरवला असता वाळूचे कण हाताला येतात, आणि मग बांधकाम करणाऱ्या गवंड्यावर ठपका येतो. मी आज ज्याची कैफियत मांडणार आहे तो हाच गवंडी. त्याचा अपराध कधी असतो, पुष्कळदा नसतो; पुष्कळदा भिंत खाणारा पाण्यातच असतो.

आपल्या देशात सार्वजनिक हौदांना चकचकीत फरशा लावण्याचा प्रघात पडला आहे. दादरचा महात्मा गांधी स्मारक जलतरण तलाव किंवा नागपुरातील अंबाझरीचा जलतरण तलाव पाहिलेल्यांना हा प्रश्न आपला नव्हे असे वाटणे साहजिक आहे. परंतु फरशी काचेसारखी असली तरी दोन फरशांमधला सांधा सिमेंटचाच असतो, फरशीखालचे अस्तरही सिमेंटचेच असते, आणि खाणारे पाणी प्रथम सांध्यातच शिरते. गिलाव्याच्या हौदात दुखणे सर्वांगावर पसरते म्हणून लवकर दिसते; फरशीच्या हौदात ते सांध्यात दडून बसते आणि फरशी निखळून हातात आली म्हणजेच कळते. खेड्यातल्या साध्या हौदाला फरशीची ऐपत नसते, हे एका अर्थी बरेच आहे. तेथे रोग झाकला जात नाही.

आता गिलावा म्हणजे काय ते पाहू. जुन्या काळी चुनखडी भट्टीत भाजून कळीचा चुना काढीत, तो पाण्यात विरवीत, वाळू घालून बैलाच्या घाणीत दळीत, त्यात गूळ, हिरड्याचे पाणी, बेलफळाचा गर असे काहीबाही मिसळीत, आणि थापीने बडवून, दगडाने घोटून चुनेगच्ची करीत. विरवलेला चुना हे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. हवेतला कर्बवायू हळूहळू पिऊन ते पुन्हा चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट होते. भट्टीत घालवलेला वायू भिंतीवर परत मिळवून चुना आपल्या मूळ स्वरूपाला येतो, हा निसर्गाचा एक सुंदर व्यवहार आहे. सिमेंटाची रीत निराळी, तरी शेवट तोच: सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होताना त्याच्या पोटात पुन्हा तेच कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होते, घट्ट झालेल्या लगद्याच्या सुमारे एक पंचमांश इतके. म्हणजे गिलावा चुन्याचा असो वा पांढऱ्या सिमेंटात संगमरवराचा चुरा घालून केलेला असो, पाण्याच्या दृष्टीने तो चुन्याचा साठाच असतो. आणि हा साठा दोन प्रकारच्या मालाचा असतो. कार्बोनेट शुद्ध पाण्यात फारच थोडे विरघळते, लिटरला चौदा-पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास. हायड्रॉक्साइड मात्र लिटरला दीड ग्रॅमहून अधिक, म्हणजे शंभरपटीहून जास्त. भिंतीचे संरक्षण कोण करतो आणि तिचे मर्म कोठे आहे, ते या दोन आकड्यांत आले. वरचा पातळ थर कार्बोनेटाचा झाला आणि टिकला, तर आतले हायड्रॉक्साइड सुरक्षित राहते. तो थर गेला, की आतले भांडार उघडे पडते.

पाण्याला चुन्याची भूक असते. ढगातून पडलेल्या पाण्यात कॅल्शियम नसते आणि हवेतला कर्बवायू विरघळल्याने ते किंचित आम्ल झालेले असते. स्वच्छ हवेत त्याचा सामू, ज्याला प्रयोगशाळेत पीएच म्हणतात, ५.६ च्या सुमारास येतो. असे पाणी जमिनीत मुरते, चुनखडीच्या किंवा संगमरवराच्या थरातून जाते आणि तेथे आपली भूक भागवून जड होऊन बाहेर येते. ज्या पाण्याला खडक मिळाला नाही त्याची भूक तशीच राहते, आणि हौदात आल्यावर त्याला खडकाऐवजी गिलावा मिळतो. यात पाण्याच्या ठायी दुष्टता नाही. समतोल गाठीपर्यंत खाणे आणि समतोल ओलांडला म्हणजे ओकणे हा त्याचा धर्मच आहे. भूक भागलेले पाणी भिंतीच्या वाटेला जात नाही. भूक भागून वर अजीर्ण झालेले पाणी भिंतीवर, नळांवर, गाळणीच्या वाळूवर चुन्याचे पुटच चढवीत सुटते.

या भुकेचे माप काढण्याची रीत प्रथम हौदांसाठी निघाली नाही, हे येथे सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कले येथे अध्यापन करणारे विल्फ्रेड लँजेलियर यांनी १९३६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्यापुढे प्रश्न शहराच्या पाणीपुरवठ्याच्या लोखंडी नळांचा होता. नळाच्या आतून चुन्याचा पातळसा लेप बसला तर लोखंड गंजत नाही, फार बसला तर नळच बुजतो. तेव्हा पाणी लेप देईल की लेप खाईल हे आधीच कसे ओळखावे, याचे गणित त्यांनी मांडले. पुढे हौदवाल्यांनी तेच गणित उसने घेऊन सुटसुटीत केले. सामूचा आकडा घ्यावा, त्यात तपमान, कॅल्शियमचे काठिण्य आणि क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद, यांचे ठरावीक गुणांक मिळवावेत, बेरजेतून १२.१ वजा करावे. पाण्यात विरघळलेले एकूण क्षार लिटरला हजार मिलिग्रॅमहून अधिक असतील तर १२.२ वजा करण्याची वहिवाट आहे. उत्तर शून्य आले तर पाणी तृप्त. उणे आले तर भुकेले. अधिक आले तर अजीर्णाचे. व्यवहारात उणे ०.३ ते अधिक ०.३ या पट्ट्यात पाणी ठेवावे असे जाणकार सांगतात.

गुणांकांचे कोष्टक पाठ करण्याची गरज नाही, पण एक उदाहरण मांडून पाहिल्याशिवाय या गणिताची गोडी कळणार नाही. समजा, हौदातले पाणी २९ अंश सेल्सिअस आहे, त्याचा गुणांक ०.७, कॅल्शियमचे काठिण्य लिटरला ३०० मिलिग्रॅम, गुणांक २.१; क्षारता १०० मिलिग्रॅम, गुणांक २.०, आणि सामू ७.४. बेरीज १२.२, आणि उत्तर अधिक ०.१. हे पाणी भिंतीच्या वाटेला जाणार नाही. हेच पाणी मे महिन्याच्या उन्हात ३४ अंशांपर्यंत तापले, बाष्पीभवनाने आटून वारंवार नवे पाणी घातल्यामुळे काठिण्य ४०० आणि क्षारता २०० झाली, आणि लक्ष न दिल्याने सामू ८.२ वर गेला, तर उत्तर अधिक १.४ येते, गाळणी दगड होऊ लागते आणि पाण्याच्या रेषेवर पांढरी कडा धरते. येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात घ्यावी: साखर किंवा मीठ गरम पाण्यात अधिक विरघळते, चुनखडी कमी विरघळते. म्हणून पाणी उन्हाळ्यात चुना टाकते आणि थंडीत खाते. आपल्याकडचा पौष-माघातला गारठा हौदाला उन्हाळ्यापेक्षा अधिक घातक असतो, आणि त्याच दिवसांत हौद ओस पडलेला असल्याने त्याकडे कोणी फिरकत नाही.

परंतु या प्रदेशातील हौदाचा खरा वैरी पावसाळा आहे, आणि त्याचा हिशेब मी जरा विस्ताराने मांडणार आहे, कारण तो कोणी मांडलेला माझ्या वाचनात आला नाही. पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल असा हौद घ्या. त्यात सुमारे ४ लाख ६९ हजार लिटर पाणी मावते. त्याच्या उघड्या पृष्ठभागाचे क्षेत्र ३१२.५ चौरस मीटर. या भागात पावसाळ्यात मीटरभराहून अधिक पाऊस पडतो. मीटरभरच धरला तरी हौदात आकाशातून ३ लाख १२ हजार लिटर पाणी उतरते, म्हणजे हौदाच्या दोन तृतीयांश. हे पाणी हौदातल्या पाण्यात मिसळत जाते आणि तितकेच मिश्र पाणी काठावरून वाहून जाते. अशा रीतीने हळूहळू मिसळत वाहत गेले, की हंगामाच्या शेवटी मूळचे कॅल्शियम जवळजवळ निम्मे उरते: ३०० चे १५०, आणि क्षारता १०० ची ५०. तपमान २४ अंशांवर उतरलेले, सामू समजा ७.२. गणित करा: उणे ०.८. ज्या हौदाचे पाणी ज्येष्ठात तृप्त होते, ते भाद्रपदात भिंत खाऊ लागलेले असते, आणि दिसायला मात्र ते ज्येष्ठापेक्षाही निर्मळ दिसते.

या भुकेची किंमत किती? हौदातल्या पाण्याने लिटरमागे शंभर मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट भिंतीतून उचलले, तर ४७ किलो चुना गेला. तळ आणि भिंती मिळून गिलाव्याचे क्षेत्र ४२५ चौरस मीटर. म्हणजे दर चौरस मीटरमागे ११० ग्रॅम. जाडीच्या भाषेत ही झीज साध्या कागदाच्या निम्म्याहूनही कमी. तेव्हा एवढ्याने काय बिघडते, असे कोणी म्हणेल, आणि गणित एवढ्यावरच थांबले असते तर ते म्हणणे खरे ठरले असते. पण पाणी भिंतीला रंधा मारल्याप्रमाणे सारखे खात नाही. ते बांधणारा चुना खाते आणि बांधलेली वाळू सोडते. जेथे घोटाई कमी पडली, जेथे दोन दिवसांच्या कामाचा सांधा आला, जेथे गिलाव्यात पाणी जास्त झाले होते, तेथे ते आधी शिरते. एका पावसाळ्यात पृष्ठभागाची तकाकी जाते. दुसऱ्यात तो खरखरीत होतो. खरखरीत पृष्ठभागावर शेवाळ धरते. शेवाळ मारण्यासाठी जास्त औषध पडते. आणि शेवाळाचे डाग जाण्यासाठी कोणीतरी तेजाबाने भिंत धुऊन काढण्याचा सल्ला देतो. तेजाबाने धुतलेली भिंत पांढरीशुभ्र दिसते, कारण तिचा वरचा थर नाहीसा झालेला असतो. एका दिवसाच्या तेजाबधुणीने होणारी हानी कित्येक महिन्यांच्या भुकेल्या पाण्याने होत नाही. दर दोन वर्षांनी हौद तेजाबाने धुण्याची जी रीत काही ठिकाणी पडली आहे तिला मी देखभाल म्हणत नाही.

उपाय अगदी साधा आहे: पाण्याला चुना हवाच असेल तर तो भिंतीतून न देता गोणीतून द्यावा. आताच्या उदाहरणातल्या हौदाचे काठिण्य शंभराने वाढवण्यासाठी सुमारे ६९ किलो खडेदार कॅल्शियम क्लोराइड लागते, आणि क्षारता पन्नासाने वाढवण्यासाठी सुमारे ३९ किलो खाण्याचा सोडा. नवा गिलावा करण्याचा खर्च कोणत्याही कंत्राटदाराला विचारावा आणि मग या दोन गोण्यांचा भाव विचारावा. तुलना करण्याची जबाबदारी मी श्रोत्यांवर सोडतो. मात्र ही दोन्ही द्रव्ये एकाच दिवशी हौदात टाकू नयेत, नाहीतर ती पाण्यातच एकमेकांना भेटून चुनखडी होतात आणि सगळा हौद दुधाळ होतो. एक-दोन दिवसांचे अंतर ठेवावे. कॅल्शियम क्लोराइड विरघळताना पाणी चांगलेच तापते, म्हणून बादलीत आधी पाणी घेऊन त्यात ते थोडेथोडे सोडावे. तेजाबही नेहमी पाण्यात घालावे, तेजाबावर पाणी कधी ओतू नये. आणि तेजाबाचा कॅन व ब्लीचिंग पावडरीची पेटी एका खोलीत ठेवू नये, कारण त्या दोघांची गाठ पडली की जो वायू सुटतो त्याने माणसे मरतात.

औषधांच्या कोठीत दिसणाऱ्या वस्तूंपैकी कोणती भिंतीची मैत्रीण आणि कोणती वैरीण, हेही ओळखून ठेवावे. आपल्याकडची पारंपरिक ब्लीचिंग पावडर स्वतःच चुन्याची असते. ती क्लोरीनबरोबर कॅल्शियम देते आणि सामू वर नेते, म्हणून ती वापरणाऱ्या हौदात गाळ साचला तरी गिलावा सहसा उपाशी पडत नाही. अलीकडे तिची जागा ज्या पांढऱ्या गोळ्यांनी घेतली आहे, त्या ट्रायक्लोरच्या गोळ्या मात्र जात्या आम्ल. त्यांच्या द्रावणाचा सामू तीनच्या आसपास असतो. त्या वापरायला सोप्या आणि वासाला सौम्य, म्हणून लोकप्रिय. परंतु त्या रोज थोडी क्षारता खातात, कॅल्शियम देत नाहीत, आणि आळशी नोकराने ती गोळी सरळ तळावर टाकली तर जेथे ती बसते तेथे गिलाव्यात वाटोळा चट्टा पडतो. शिवाय त्या मागे सायन्युरिक आम्ल ठेवतात. क्लोरीनच्या दर मिलिग्रॅममागे सुमारे ०.६ मिलिग्रॅम. क्षारतेच्या परीक्षेत हे आम्लही मोजले जाते आणि आकडा फुगतो. म्हणून गणित करताना त्याचा एक तृतीयांश क्षारतेतून वजा करावा लागतो. साठ मिलिग्रॅम सायन्युरिक आम्ल असेल तर कागदावरची शंभर क्षारता प्रत्यक्षात ऐंशीच असते. गढूळ पाण्यात फिरवली जाणारी तुरटीही क्षारता खाते, आपल्या वजनाच्या जवळजवळ निम्मी. यातले काहीही निषिद्ध नाही. फक्त एकाने काढले तर दुसऱ्याने भरावे लागते, एवढे लक्षात असावे.

लँजेलियर यांचे गणित सर्वज्ञ नाही. ते कल सांगते, वेग सांगत नाही. पाणी भुकेले आहे हे कळते, ते किती दिवसांत किती खाईल हे कळत नाही. शिवाय ते कार्बोनेटाचे गणित आहे, आणि नव्या गिलाव्यात तर हायड्रॉक्साइडच पुष्कळ असते. कोऱ्या गिलाव्याचा सामू साडेबाराच्या घरात असतो. हौद भरला की हे हायड्रॉक्साइड पाण्यात झिरपू लागते, पाण्याचा सामू वर ढकलते आणि तळावर पिठासारखी भुकटी बसते. पहिला महिना म्हणूनच सर्वांत नाजूक. गिलावा ओला ठेवण्याच्या ज्या कामाला इकडे तराई म्हणतात ते नीट झाले पाहिजे. पाणी भरताना मध्येच थांबू नये, नाहीतर त्या पातळीवर कायमची रेघ उठते. भरून झाल्यावर भुकटी रोज ब्रशने झाडावी आणि सामू रोज पाहून थोड्या तेजाबाने खाली आणावा. सुरुवातीच्या पाण्यात खाण्याचा सोडा भरपूर असेल, तर भिंतीतून सुटू पाहणारा चुना त्या सोड्यातल्या बायकार्बोनेटाशी तेथल्या तेथे संयोग पावून पृष्ठभागाच्या छिद्रांतच कार्बोनेट होतो. भिंत स्वतःचेच कवच विणते. जुन्या गवंड्यांनी चुनेगच्ची ओली ठेवून ती सावकाश वाळू दिली त्यामागे हेच तत्त्व होते. त्यांना कर्बवायूचे नाव ठाऊक नव्हते, त्याची चाल ठाऊक होती.

भिंतीच्या कवचाविषयी बोलताना मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाचा उल्लेख टाळता येत नाही. १९२५-२६ च्या उत्खननात सापडलेला तो हौद सुमारे बारा मीटर लांब, सात मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल आहे. विटा बारीक सांध्यांनी जिप्समच्या मसाल्यात बसवलेल्या आणि त्यामागे पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर. ज्यांनी तो बांधला त्यांनी एका थरावर विश्वास टाकला नाही, हे मला त्यांच्या शहाणपणाचे लक्षण वाटते. आज त्याच अवशेषांना जमिनीतून वर चढणारे क्षार खात आहेत.

आता या जिल्ह्यापुरता एक विशेष प्रश्न. बालाघाटचे नाव ज्या खनिजामुळे जगाला ठाऊक झाले ते मँगनीज. भरवेली, उकवा, तिरोडी ही नावे येथे कोणाला समजावून सांगावी लागत नाहीत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील लुईस ली फर्मर यांनी १९०९ मध्ये भारतातील मँगनीजच्या खनिजांवर जो प्रचंड ग्रंथ लिहिला, त्यात मध्य प्रांताच्या या पट्ट्याला मानाचे स्थान आहे. येथल्या एका मँगनीजयुक्त खडकाला गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव त्यांनीच दिले, आणि तिरोडीच्या नावाने तेथल्या प्राचीन खडकांची एक शिलाजाती भूगर्भशास्त्रात ओळखली जाते. याच पट्ट्यात संगमरवर आणि डोलोमाइटचे थरही आहेत. म्हणजे कोणत्या विहिरीचे पाणी तृप्त असेल आणि कोणत्या विहिरीचे भुकेले, हे एका गावावरून दुसऱ्या गावाविषयी सांगता येत नाही. मँगनीज विरघळलेले पाणी विहिरीतून काढताना काचेसारखे स्वच्छ दिसते. त्यात ब्लीचिंग पावडर पडली, की मँगनीजचे ऑक्सिडीकरण होऊन ते हळूहळू चहाच्या रंगाचे होते, आणि तो काळसर ऑक्साइड पांढऱ्या गिलाव्यावर जाऊन बसतो. सामू जितका वर तितकी ही क्रिया वेगवान. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मँगनीजची इष्ट मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास ०.३, हौदाच्या पांढऱ्या गिलाव्याला यातली पहिली मर्यादाच मानावी. हा डाग तेजाबाने काढण्याचा मोह होतो. तेथेच भिंतीचा नाश सुरू होतो. जीवनसत्त्व क म्हणून ओळखले जाणारे अॅस्कॉर्बिक आम्ल लोह-मँगनीजचे कोवळे डाग गिलाव्याला विशेष न दुखवता सोडवते. परंतु डाग पडू न देणे, म्हणजे भरण्यापूर्वीच पाणी तपासून घेणे, हाच खरा मार्ग.

मुंबईचे उदाहरण खडकांतून खनिजे घेऊन येणाऱ्या या पाण्याच्या उलट बाजूचे. तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून त्या नगरीला मिळू लागले, पुढे वैतरणा, भातसा यांचे आले. डोंगरातल्या पावसाचे हे पाणी मृदू, कॅल्शियम फार थोडे. पिण्यास उत्तम, साबणास उत्तम, आणि गिलाव्यास भुकेले. तेथल्या हौदाला पहिल्या दिवसापासून कॅल्शियम पुरवावे लागते, तर मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या एखाद्या जड पाण्याच्या विंधन विहिरीवर भरलेल्या हौदाला तेजाब देऊन सामू आवरावा लागतो. म्हणून एका शहरातली औषधांची यादी दुसऱ्या शहरात बरहुकूम वापरणे हे वैद्याने एकाची पुडी दुसऱ्याला देण्याइतके गैर आहे.

एक आक्षेप नेहमी ऐकू येतो: पाणी स्वच्छ आहे, क्लोरीन आहे, मुले आजारी पडत नाहीत, मग एवढा खटाटोप कशाला? मुलांचे आरोग्य पहिले, याबद्दल वाद नाही. परंतु क्लोरीनची परीक्षा रोज होते ती पोहणाऱ्यासाठी. भिंत तक्रार करीत नाही, तिच्यासाठी कोणी परीक्षा करीत नाही, आणि ती खरखरीत झाली की शेवटी पोहणाऱ्याच्याच तळव्याला ते कळते. आठवड्यातून एकदा सामू आणि क्षारता, महिन्यातून एकदा कॅल्शियमचे काठिण्य, आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर ही तिन्ही. एवढी नोंद एका साध्या वहीत तारीखवार ठेवली, तर पाच वर्षांनी गिलावा बिघडला असता दोष गवंड्याचा, पाण्याचा की चालकांचा, याचा निवाडा त्या वहीवरून करता येईल. आज तो निवाडा आवाजाच्या चढउतारावर होतो, आणि गवंड्याचा आवाज तेथे सर्वांत लहान असतो. म्हणून समोर बसलेल्या कारागीर मंडळींना माझा एक व्यवहारी सल्ला आहे: हौदाचे काम घेताना करारात पाण्याच्या नोंदवहीचे कलम घालून घ्या.

आणि ज्या संस्थांच्या मनात हौद बांधण्याचे आहे, त्यांना विनंती: नकाशा काढण्याआधी पाण्याचा नमुना काढा. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरा, बूच घट्ट लावा, त्याच दिवशी लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या जिल्हा प्रयोगशाळेत पोहोचवा, आणि सामू, कॅल्शियमचे काठिण्य, क्षारता, लोह व मँगनीज हे पाच आकडे लेखी मागून घ्या.